दोन चाकं आणि चार महिने

मे महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की घाटकोपर पश्चिमेला, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्ल्यांत, दुचाकीच्या गॅरेजांपुढून चालायलाही जागा उरत नाही. गाळा जेमतेम आठ-दहा फुटांचा, त्यामुळे सगळं काम रस्त्यावरच. मेन स्टँडवर चढवलेल्या गाड्या, पत्र्याच्या ट्रेमध्ये निथळणारं काळं ऑइल, आणि ब्रश घेऊन चेन घासत उकिडवी बसलेली पोरं. ‘ऋतू’ हा विषय संपादकांनी दिला तेव्हा मला आधी आठवली ती ही गल्ली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यात लाखो माणसं पावसाळ्यातही दुचाकीवरच कामाला जातात, आणि त्यातली कितीतरी पाऊस येण्याआधी एकदा अशाच एखाद्या मिस्त्रीपुढे गाडी उभी करतात.

ज्या गॅरेजात मी बसलो होतो त्याचे मालक मूळचे साताऱ्याकडचे, वय साठीच्या आसपास. गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतं. एक तरुण स्प्लेंडर घेऊन आला आणि हेल्मेट न काढताच म्हणाला, “मामा, ऑइल बदली करा आणि मागचा ब्रेक जरा टाइट करा, बस.”

मामांनी पाना उचलला नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, मागचं चाक हाताने फिरवलं, ब्रेक दाबून ड्रमवरचा बाण कुठवर जातो ते वाकून बघितलं. “टाइट करून काय होणार? लायनर संपलाय. आज टाइट केला तर आज लागेल. पाणी गेल्यावर लागणार नाही.”

“मग पुढच्या महिन्यात बघू ना, मामा.”

“पुढच्या महिन्यात पाऊस आहे. इंजिन बंद पडलं तर माणूस गाडी ढकलत घरी येतो. टायर, ब्रेक नाहीतर दिवा गेला, तर येईलच असं नाही.”

तरुणाने लायनर बदलून घेतला. त्या क्रमाने विचार करणारा मिस्त्री मिळणं हे नशीब आहे असं मला वाटतं. आपण बहुतेक जण गाडीचा जीव इंजिनात शोधतो. ॲव्हरेज किती देते, पिकअप कसा आहे, हे विचारतो. टायरवर खाच किती उरली आहे हे क्वचितच विचारतो.

चेन कव्हरच्या आत

खाच कशासाठी असते हे समजलं तर टायर बदलायची वेळ आपोआप कळते. खाचा रस्त्यावरचं पाणी बाजूला सारतात, म्हणजे रबर रस्त्याला टेकतं. कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरही बरा धरतो, म्हणूनच तो मे महिन्यापर्यंत आपल्याला फसवत राहतो. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्या खुणेच्या रेषेत, खाचेच्या तळाशी, रबराचा बारीक उंचवटा असतो. टायर झिजून त्या उंचवट्याला भिडला की तो संपला. बाजूलाच लंबगोलात चार आकडे असतात, तो टायरचा जन्म. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. खाचा शाबूत असूनही रबर वयाने कडक झालेलं असतं, बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायर ओल्यात धरत नाही.

हवेबद्दल एक समज उपनगरात फार पक्का बसला आहे: पावसात हवा थोडी कमी ठेवावी, गाडी रस्ता धरते. मामा हे ऐकून चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. हवा कमी झाली की टायर दबतो, खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायची वाटच बंद होते. वर खड्ड्यात आदळलं की रिम वाकते. हवा कंपनीने सांगितलेलीच हवी, आणि मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त. हे आकडे बहुतेक गाड्यांच्या चेन कव्हरवर किंवा त्याच्या आसपासच्या स्टिकरवर छापलेले असतात. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना.

शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांची चेन बंद कव्हरात असते. चिखलापासून बचाव होतो खरा, पण चेन डोळ्यांआड जाते आणि मनातूनही. कव्हरला खाली रबरी बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवून बघायची. साधारण दोन ते तीन सेंटिमीटर ढिलाई असावी. त्याहून सैल चेन उडी मारते, त्याहून ताणलेली चेन खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की बेअरिंगला ओढते. पावसाळ्यात चेनचं ऑइल आठवड्याभरातही धुऊन जातं. मामा गियर ऑइलच वापरतात, आणि तेही गाडी फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, म्हणजे ते कड्यांच्या आत उतरतं. मग रात्रभर गाडी तशीच ठेवायची. ज्या चेनला रबरी ओ-रिंग असते तिला मात्र पेट्रोलने घासू नये, रबर खराब होतं.

दोन छोट्या गोष्टी मला त्या गल्लीतच कळल्या. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाभोवती पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते धुळीने बुजलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि झाकण उघडताच टाकीत उतरतं. पूर्वी असं पाणी टाकीच्या तळाशी पडून राहायचं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोलपासून सुटून त्या पाण्यासकट तळाशी बसतं. मग गाडी सिग्नलवर झटके देते आणि आपण प्लगला दोष देतो. त्या भोकात बारीक तार फिरवायला मिनिट लागत नाही. दुसरी गोष्ट पुढच्या ब्रेकची केबल. लिव्हरजवळ तिचा एखादा धागा तुटलेला दिसला तर दुसऱ्या धाग्याची वाट बघायची नाही.

पहिली सर

हवामान खात्याच्या सरासरीनुसार मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. त्याआधी एखादी संध्याकाळची सर येऊन जाते, आणि दुचाकीवाल्यासाठी सगळ्यांत वाईट ती हीच. सात-आठ महिने रस्त्यावर ऑइलचे थेंब, टायरचं झिजलेलं रबर आणि बांधकामाची धूळ बसलेली असते. थोडं पाणी पडलं की ते सगळं वर येतं आणि रस्त्यावर बुळबुळीत थर धरतं. जोराचा पाऊस झाला की थर वाहून जातो. म्हणजे पहिला अर्धा तास शक्य असेल तर पुलाखाली नव्हे, एखाद्या दुकानाच्या छपराखाली थांबून काढावा. पुलाखाली रस्त्यातच थांबलेल्या दुचाकींच्या घोळक्यावर मागून गाडी आदळण्याचा धोका असतो. पश्चिम द्रुतगती मार्गावर प्रत्येक सरीला असे घोळके दिसतात आणि ते बघून पोटात गोळा येतो.

हा थर सगळीकडे सारखा नसतो. सिग्नलच्या रेघेपाशी, बस थांब्यासमोर, पेट्रोल पंपाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर तो जाड असतो, कारण गाड्या तिथे उभ्या राहून ठिबकतात. मार्गिकेच्या मधोमधही असतो. त्यामुळे पुढच्या मोटारीच्या चाकांच्या रेषेत आपलं चाक ठेवावं. याला दुसरंही कारण आहे. मोटार खड्डा दोन चाकांच्या मधे घेऊन निघून जाते आणि तिच्या पाठोपाठ मधोमध चालणाऱ्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो.

एलबीएस मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मेट्रो ४ च्या कामाने रस्ता वर्षानुवर्षं अरुंद केला आहे. लोखंडी प्लेटा, बॅरिकेडच्या पायापाशी साचलेली ओली माती, मधेच बदलणारी पातळी. मुलुंडच्या आतल्या रस्त्यांवर सोनमोहोराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो. दिसायला सुंदर, पण ओला झाला की त्यावर ब्रेक मारू नये. प्लेट, गटाराचं झाकण, पट्ट्यांचा जाड रंग, पाकळ्या, या सगळ्यांवरून जाताना गाडी सरळ हवी आणि ब्रेक मोकळा हवा. वेग त्याआधीच कमी करायचा. काँक्रीटीकरणात रस्त्याचा एक भाग झालेला आणि शेजारचा खाली असतो. त्या कडेला चाक घासत तिरकं चढवलं की गाडी हातातून जाते. थोडं बाहेर घेऊन, शक्य तितकं काटकोनात चढवायचं.

अंतराबद्दल शाळेतलं गणित पुरतं. ताशी ५० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. समोरचा ब्रेक लाइट दिसून आपली बोटं लिव्हरवर दाबली जाईपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागायचं. कोरड्यात दोन-तीन सेकंद, पावसात चार. कुणी म्हणेल, अंधेरी-कुर्ला रोडवर चार सेकंद सोडले तर त्यात दोन रिक्षा शिरतील. शिरू देत. पुन्हा मागे सरकायचं.

आणि ब्रेक. ब्रेक लावल्यावर वजन पुढे येतं, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचंच चाक करतं. पडण्याच्या भीतीने फक्त मागचा ब्रेक वापरणारे असंख्य आहेत, त्यांचं मागचं चाक ओल्यात लॉक होऊन गाडी आडवी येते. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाब वाढवत लावायची सवय कोरड्या, रिकाम्या रस्त्यावर करून ठेवावी लागते. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या, १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक लॉक होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा लागतो, पण चाक लॉक होणं त्याने थांबत नाही. उपनगरातल्या पुष्कळ कामकरी गाड्या या दुसऱ्या गटातल्या आहेत, आणि त्याहून जुन्यांना यातलं काहीच नाही. एबीएस असेल तर घट्ट दाबून धरायचं, सोडून-दाबून करायचं नाही. ते काम यंत्र करतं.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड

चालवणाऱ्याने काय काय सांभाळायचं हे इतकं लिहिल्यावर रस्त्याबद्दल लिहिलं नाही तर तो अन्याय होईल.

२८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात एक मोटारसायकल आदळली. मागे बसलेला १६ वर्षांचा प्रकाश बिल्होरे गेला. गाडी चालवणारा त्याचा चुलतभाऊ वाचला, त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. प्रकाशचे वडील दादाराव अंधेरीत भाजी विकतात. त्यानंतर त्यांनी स्वतः घमेलं आणि फावडं घेऊन शहरातले खड्डे बुजवायला सुरुवात केली. बांधकामावरची खडी, डेब्रिज, जे मिळेल ते भरून त्यांनी शेकडो खड्डे बुजवले. ‘पॉटहोल दादा’ या नावाने लोक त्यांना ओळखू लागले. त्यांच्या कामाचं कौतुक करताना माझ्या मनात प्रत्येक वेळी राग येतो, कारण हे काम त्यांचं नव्हतं.

खड्डा का पडतो यात गूढ काही नाही. डांबराच्या थरातल्या भेगेतून पाणी आत जातं, वरून चाक गेलं की ते दाबाने आत-बाहेर होतं आणि डांबराची खडीवरची पकड सोडवतं. जिथे पाणी वाहून जायला जागा नाही तिथे हे रोज घडतं. पाऊस चालू असताना टाकलेलं गरम डांबर ओल्या तळाला नीट चिकटत नाही, आणि पेव्हर ब्लॉकचा तुकडा बसवला तर तो खचून नवी कड तयार होते. म्हणजे पावसाळ्यातला खड्डा उन्हाळ्यातच टळायला हवा होता. महामार्ग कुणाचा यावरही वर्षानुवर्षं टोलवाटोलवी चालली. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२ मध्ये महापालिकेकडे आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, आणि कंत्राटदार व अधिकाऱ्यांवर जबाबदारी टाकली. ‘दुचाकीस्वाराचा ताबा सुटला’ या वाक्यात ज्या बातम्या संपायच्या, त्यांना या आदेशाने पुढचा प्रश्न विचारायला लावला आहे. अपघात झालाच तर म्हणूनच जागेचे, खड्ड्याचे फोटो आणि पोलिसांची नोंद महत्त्वाची.

चालवणाऱ्याच्या हातात जेवढं आहे तेवढं मात्र त्याने करायलाच हवं. पाणी साचलेलं दिसलं की खड्डा आहे असं धरून चालावं. तो टाळायला एकदम हँडल वळवू नये, मागे डंपर असू शकतो. टाळता येणार नसेल तर आधी वेग कमी करायचा, चाक आत जाण्याच्या क्षणी ब्रेक सोडायचा, हँडल सरळ ठेवून फुटरेस्टवर भार देत सीटवरून किंचित उठायचं. धक्का गुडघ्यांत जिरतो. ब्रेक दाबलेला असेल तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो आणि सगळा धक्का रिमला बसतो.

रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं तर थांबावं. मोटार वाहन कायद्याचं १३४अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. १०८ ला फोन करावा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पश्चिम टोकाला जोगेश्वरीत महापालिकेचं ट्रॉमा केअर रुग्णालय आहे, घाटकोपरला राजावाडी, जुहूला कूपर. कोणत्या टप्प्यावर कोणतं जवळ आहे हे रोजच्या वाटेवर आधीच माहीत असावं.

सबवेतलं पाणी

अंधेरी सबवे रेल्वेखालून जातो, सखल आहे, आणि मोगरा नाला भरला की त्यात पाणी चढतं. मग वाहतूक पोलीस दोरी लावतात. अंधेरी पूर्व-पश्चिम जोडणारा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्धाच उघडला. मधल्या २०२३ च्या पावसाळ्यात सबवे बुडाला की पूर्वेकडून पश्चिमेला जाणं म्हणजे तासाभराची गोष्ट होती. अशा वेळी ‘एवढ्यातून निघेल’ असं वाटतं.

निघेल की नाही हे पाण्याची खोली ठरवते. पाणी चाकाच्या आसापर्यंत आलं तर परत फिरावं. त्याहून कमी असेल, तळ ओळखीचा असेल आणि पाणी वाहतं नसेल तर पहिल्या गियरमध्ये, एकसारखा ॲक्सिलरेटर देत, न थांबता जायचं. मोठ्या वाहनाच्या लाटेत शिरायचं नाही. बाहेर आल्यावर थोडं अंतर दोन्ही ब्रेक हलके दाबत चालवायचं, म्हणजे ड्रममधलं पाणी उडतं. त्याआधी ब्रेक नाहीतच असं समजावं.

गाडी पाण्यात बंद पडली तर घात होतो तो पुढच्या मिनिटाला. माणूस सेल्फ मारत राहतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन तासांचं काम इंजिन उतरवण्यापर्यंत जातं. चावी बंद करून गाडी ढकलत कोरड्यावर आणायची. प्लग काढून किक मारली की आतलं पाणी बाहेर येतं. एअर फिल्टरच्या डब्यातलं पाणी काढायचं. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर ते बदलल्याशिवाय चालू करायची नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत आपण रात्री-रात्री हेच काम केलं, असं मामा सांगतात.

झेंडू घालण्याआधी

दसऱ्याला उपनगरातल्या प्रत्येक गल्लीत गाड्या धुतल्या जातात, हँडलला झेंडूची माळ, पुढे नारळ. या सणाचा मुहूर्त दुचाकीला अगदी योग्य वेळी येतो, कारण पाऊस नुकताच ओसरत असतो आणि चार महिन्यांचा चिखल मडगार्डच्या आत, स्टँडच्या खिळीत, सायलेन्सरच्या खाली बसलेला असतो. तिथेच गंज धरतो. वर्सोवा, मढ, गोराईकडे खाऱ्या हवेने तो लवकर धरतो. धुताना जोराचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर आणि स्विचवर मारू नये. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकणं म्हणजे गंजाला घर देणं, आधी ती वाळू द्यावी. ब्रेक ड्रम उघडून साफ करून घ्यावेत, हँडलचे बॉल रेसर आणि मागच्या स्विंगआर्मला ग्रीस द्यावं, ऑइल बदलावं. माळ बांधताना ती चाकाच्या किंवा केबलच्या आड येत नाही ना ते बघावं.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सांगण्यासारखं कमी आहे. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने पहाटे गारठा असतो, इंजिन मिनिटभर चालू द्यावं. खरा त्रास धुळीचा. इतकी खोदकामं चालू असताना एअर फिल्टर पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरच्या आधीच भरतो. काही गाड्यांचा कागदी फिल्टर तेल लावलेला असतो. तो हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो. उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नये, आणि दुपारी तापलेल्या टायरची हवा जास्त दाखवते म्हणून ती सोडू नये.

मागे बसलेलं माणूस

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. त्याच वर्षी जूनपासून मुंबई वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं केलं. कायद्यात ते आधीपासून होतंच. जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दाखवलं आहे. तरीही मुलुंडला सकाळी शाळेच्या वेळी उभं राहिलं की दिसतं: बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, आईच्या डोक्यावर नाही, आणि मधे किंवा पुढे उभं असलेलं लेकरू उघड्या डोक्याने. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम आहे. तो मी रस्त्यावर जवळपास पाहिलाच नाही.

मागे बसणाऱ्याचे धोके वेगळे असतात. पदर किंवा ओढणी चाकात जाते. साडी गार्ड काढून गाडी ‘स्पोर्टी’ करणारे आपल्या आईचा विचार करत नाहीत. सर आली म्हणून मागच्याने छत्री उघडली की वारा छत्रीसकट त्याला मागे ओढतो. ढगळ प्लॅस्टिकच्या टोपरावजा रेनकोटचं टोक चेनकडे जातं, त्यापेक्षा शर्ट-पँटचा रेनकोट बरा, आणि रंग काळा-निळा न घेता पिवळा-नारिंगी.

घाटकोपर स्टेशनजवळच्या एका दुकानात एक बाप आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीसाठी हेल्मेट घ्यायला आला होता. दुकानदाराने आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक दाखवला. बापाने मोठा नंबर हातात घेतला. “हे द्या. वाढत्या अंगाची आहे, दोन वर्षं चालेल.”

“दादा, बूट मोठा घ्या, युनिफॉर्म मोठा घ्या. हे नको.” दुकानदाराने मोठं हेल्मेट मुलीला घातलं, पट्टा लावला आणि मागून वर ढकललं. ते सहज तिच्या डोळ्यांवर आलं. मग लहान नंबर घातला, पुन्हा ढकललं. हललं नाही. मुलीला गाल दाबल्यासारखं वाटत होतं. “दाबायलाच पाहिजे, बाळा. पट्ट्यात दोन बोटं जातात का बघ.” तिने बघितलं. बापाने लहान नंबर घेतला, आणि मग जरा थांबून विचारलं, “हिच्या आईला कोणता बसेल? तिला घेऊन येऊ का?”

“घेऊनच या. डोक्याशिवाय नंबर सांगता येत नाही.”

मुलगी हेल्मेट न काढताच दुकानाच्या पायऱ्या उतरली.